गाडीसाठी स्थळं बघणारे दिगूकाका

दिगूकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. आम्ही टेक्ससमधल्या अर्विंगच्या घरात नुकते राहायला आलो होतो, निम्मे खोके अजून बांधलेलेच होते, आणि बेल वाजली म्हणून दार उघडलं तर समोर एक उंच, वाळके गृहस्थ. अंगात फुलाफुलांचा बायकी एप्रन, कोपरापर्यंत काळं ग्रीस, हातात फोन.

"दाराबाहेरच्या चपलांवरून भारतीय कळलं, आणि मघाशी तुम्ही नवऱ्याला ओरडलात त्यावरून मराठी कळलं," ते म्हणाले. "एक मिनिट आहे? हे ऐका."

त्यांनी फोनवर एक घरघर ऐकवली. मग दुसरी घरघर ऐकवली. मग मान तिरकी करून विचारलं, "यातला खानदानी कुठला वाटतो?"

आता मी मिरजेची. मिरजेच्या माणसाला सुरांचा कान असतो असा बाहेर समज आहे, पण तो आमच्या घराला वळसा घालून गेला. मला पहिला आवाज चटणी वाटायच्या मिक्सरचा वाटला आणि दुसरा डाळ वाटायच्या मिक्सरचा. मी म्हटलं, "दुसरा."

"का?"

"जरा... भरीव आहे."

"भरीव," ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर शब्द बोललात. इतके दिवस मला सापडत नव्हता." आणि वळून चालायला लागले. अंगणात पोचल्यावर त्यांना आठवलं असावं, कारण तिथून ओरडून म्हणाले, "मी दिगंबर देवतळे. समोरचं घर. गॅरेजचं दार उघडं दिसलं की चहा असतो."

ही आमची ओळख. त्यानंतर जी काही वर्षं आम्ही त्या गल्लीत काढली, त्यात गॅरेजचं दार उघडं नाही असा दिवस मला आठवत नाही.

काका मूळचे नागपूरचे. एरवी बोलणं तुमच्या-आमच्यासारखं, इंग्रजीत कालवलेलं, पण चिडले की आतून नागपूर वर यायचं आणि मग "काहून?" आणि "बाप्पा रे" सुरू व्हायचं. आयुष्यभर त्यांनी एअर कंडिशनरचे कॉम्प्रेसर डिझाइन केले. "टेक्ससला मी गार केलं," असं ते गंभीरपणे सांगत, आणि ते ज्या गॅरेजमध्ये बसून सांगत तिथे मात्र एसी नव्हता. उन्हाळ्यात तिथे पापड वाळले असते. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, भारतात फ्लॅट घेतात, गुडघे बदलतात. काकांनी गाडी आणली.

गाडी म्हणजे सत्तर सालच्या आसपासची जुनी, दांडग्या इंजिनाची अमेरिकन मसल कार. दोन दारं, लांबलचक नाक, मागे आखूड शेपूट. तरुणपणी पहिल्यांदा या देशात उतरले तेव्हा अशीच एक त्यांच्यासमोरून गेली होती म्हणे, आणि ती गेल्यावरही तिचा आवाज बराच वेळ तिथेच उभा होता. हे वाक्य त्यांचंच. कुणाच्या तरी शेतातल्या गोठ्यातून त्यांनी आणली तेव्हा तिचं इंजिन गंजून दगड झालं होतं आणि त्यात उंदरांचं एकत्र कुटुंब राहत होतं. काकांनी उंदरांना प्रेमाने मुक्काम हलवायला लावला, इंजिन भंगारात दिलं, आणि नवं इंजिन शोधायला लागले.

बाकी जगात लोक इंजिन विकत घेतात. काका स्थळं बघायचे.

"मीनल, गाडी आपली मुलगी आहे," ते मला समजावत. "आणि इंजिन म्हणजे घरजावई. नुसता कर्तबगार असून भागत नाही, घरात मावला पाहिजे. आता तो मोठा बिग ब्लॉक घे. मोठ्या घरचा. ताकद आहे, रूप आहे. पण खाणार किती? आणि त्याच्यासाठी सगळं घर बदला. त्याला मोठा रेडिएटर हवा, जाड ब्रेक हवेत, मागचा ॲक्सल हवा. एवढं करून आपली मुलगी पुढून जड होणार, वळणावर वळणार नाही. असला जावई काय करायचा?"

दुसरं स्थळ म्हणजे आजच्या जमान्याचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन आणि कॉम्प्युटरवालं. "हा परदेशी शिकलेला. गुणी आहे, थंडीत एका हाकेला उठतो, पेट्रोल कमी पितो. पण बोलणार कोणाशी? लॅपटॉपशी. माझ्याशी एक शब्द नाही."

आणि तिसरं नात्यातलं. म्हणजे गाडीत मुळात होतं त्याच जातीचं छोटं व्ही-एट, पण वर नवी ॲल्युमिनियमची हेड्स, म्हणजे झडपा असतात तो सिलिंडरवरचा भाग, बसवून ताकद वाढवलेलं. "मामाचा मुलगा," काका म्हणायचे. "घरचाच आहे, सगळे बोल्ट जुळतात. पण लोक म्हणतील, यात नवीन काय केलंत?"

"लोक म्हणजे कोण काका?"

"लोक म्हणजे लोक."

हे लोक काकांनी स्वतःच गोळा केले होते. त्यांनी विचारलं नाही असा माणूस त्या परिसरात उरला नव्हता. पोस्टमनला विचारून झालं होतं. मुंग्यांचं औषध मारायला येणाऱ्याला विचारून झालं होतं. दातांच्या डॉक्टरने तोंडात हत्यारं घातली तेव्हाही यांनी बोटांनी एक आणि दोन दाखवून त्याचं मत घेतलं. देवळातल्या भटजींना तर मुहूर्त नव्हे, चक्क गिअरचा रेशो विचारला. भटजी बिचारे तेलुगू, त्यांनी प्रसाद दिला. कुणी घाई केली की काकांचं ठरलेलं उत्तर, "घाई कोणाला आहे?"

शालूकाकू या सगळ्यात कुठे होत्या असं विचाराल, तर घरात होत्या. बुटक्या, शांत, चष्मा कपाळावर चढवून तो घरभर शोधणाऱ्या. काकूंच्या डिशवॉशरमध्ये वरच्या कप्प्यात कपबशा आणि खालच्या कप्प्यात इंजिनाची झाकणं असत. एकदा काकांनी रंग दिलेली झाकणं काकूंच्या ओव्हनमध्ये भाजली, म्हणजे रंग पक्का बसतो म्हणून. बसला. पण त्यानंतर काकूंनी दिवाळीचा चिवडा ओव्हनमध्ये केला, आणि तो खाऊन माझ्या नवऱ्याने, निखिलने, अतिशय विचार करून विचारलं, "काकू, यात मसाला कुठला?" काकू म्हणाल्या, "ह्यांना विचार. हाय टेंपरेचर निळा आहे."

त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांची चिडण्याची पद्धत म्हणजे चहात साखर न घालणं. काकांना एक घोट घेतला की आपण काय केलंय ते आठवायला लागायचं.

मोठ्या घरच्या स्थळाला बघायला आम्ही गेलो तो प्रसंग मात्र सांगायलाच हवा. डेंटनच्या पुढे एका गावात रँडी नावाच्या माणसाकडे तसं इंजिन विकाऊ होतं. काका म्हणाले, चार माणसं गेली पाहिजेत, एकट्याने बघायला जाणं बरं दिसत नाही. म्हणून काका, काकू, मी आणि निखिल. निखिलला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. काकूंनी मोठा डबा भरून पोहे घेतले.

रँडी म्हणजे दारात मावणार नाही एवढा टेक्सन. दाढी पोटापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. त्याने शेडमध्ये ताडपत्री ओढून इंजिन दाखवलं. काकांनी आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग त्याच्याभोवती चक्कर मारली. मग हात मागे बांधून इंग्रजीत चौकशी सुरू केली. आधीच्या गाडीतून का निघालं? स्वतःहून निघालं का काढलं? कधी ओव्हरहीट झालंय? म्हणजे स्वभाव तापट आहे का? याच कारखान्यातली याची भावंडं आता कुठे आहेत, सुस्थितीत आहेत ना? रँडी सुरुवातीला हसला. मग गंभीर झाला, आणि शेवटी टोपी काढून हातात धरून उत्तरं द्यायला लागला. काकूंनी मधेच त्याच्यापुढे पोह्यांची प्लेट केली. त्याने ती खाल्ली, आणखी मागितली, आणि वर लिंबू पिळायचं असतं हेही शिकून घेतलं.

निघताना काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि आपल्याकडे म्हणतात तेच म्हणाले, "वी विल लेट यू नो."

आता आपल्याला माहीत आहे "आम्ही कळवतो" म्हणजे काय. म्हणजे विसरा. पण रँडीला आपल्याकडच्या कळवण्याची काय कल्पना? तो थांबला. आलेली दोन गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली. महिनाभराने त्याचा फोन आला. काका फोनकडे बघत बसले, उचलेनात. मला म्हणाले, "तू उचल. सांग, पत्रिका जुळत नाही."

"इंग्रजीत काय सांगू काका?"

"सांग, मुलीला एवढ्यात करायचं नाही."

शेवटी काकूंनी फोन घेतला. त्या आत जाऊन काय बोलल्या देव जाणे, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला पार्सलने बेसनाचे लाडू पाठवले, आणि त्यानंतर रँडी दर काही दिवसांनी, कसलंही काम नसताना, नुसती ख्यालीखुशाली विचारायला फोन करायचा.

माझी समजूत होती की हा म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे. चालू दे बापड्याचं. निवड झाली काय आणि न झाली काय, कोणाचं काय अडलंय?

मग एका दुपारी मी काकूंचं पातेलं परत द्यायला गेले तर काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो." काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. समोर मधोमध जे असतं ते हळूहळू पुसट होत जाणार, कडेचं तेवढं राहणार. गाडी आणखी किती दिवस चालवता येईल? डॉक्टर म्हणाला, वर्ष मिळेल, कदाचित तेही नाही. काकू पातेलं पुसत राहिल्या. ते धुऊन पुसूनच मी आणलं होतं.

मी गॅरेजमध्ये गेले. काका स्टुलावर बसले होते.

"कडेचं दिसणार आहे हं," ते म्हणाले. "म्हणजे कसं, मी तुझ्याकडे सरळ पाहिलं तर तू दिसणार नाहीस. तुझ्यामागचा फ्रीज दिसेल. फ्रीजमध्ये काय आहे मला माहीत आहे, त्यामुळे तोटा तुझाच."

मी हसले. हसले, पण घरी येऊन मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला एकदा तरी ती गाडी रस्त्यावर चालवायला मिळाली पाहिजे, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

कुणालाही वाटेल, आता काका झटपट ठरवतील. छे. काकांनी उलट स्थळं वाढवली. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा सुपरचार्जर आला. त्यांची मुलगी रेवा डॅलसजवळच्या एका गावात फायर ट्रक चालवते. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. ती दर सुट्टीच्या दिवशी येऊन गॅरेजमध्ये उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, जस्ट पिक वन. एनी वन. प्लीज."

"घाई कोणाला आहे?"

"तुम्हाला," रेवा म्हणाली. मराठीत म्हणाली. त्यावर काकांनी एक बोल्ट उचलला आणि पुसायला घेतला.

काकू मला म्हणाल्या, "ठरवलं की संपलं ना गं. म्हणून ठरवत नाहीत. भितात ते." आणि मग साखरेशिवायचा चहा घेऊन त्या गॅरेजमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी नात्यातल्या स्थळाला होकार कळवला.

इंजिन आलं, जुळलं. जुळलं म्हणजे काकांनी शब्दशः गुण जुळवले. त्यांचं म्हणणं असं की, लोक चुकतात ते इथे. कोणी मोठा कार्बुरेटर आणतो, कोणी मोठा कॅम आणतो, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी हुशार, पण एकमेकांशी पटत नाही, आणि मग गाडी सिग्नलला ठेचकाळते. हेड्स, कॅम, कार्बुरेटर, गिअर, सगळे एका स्वभावाचे हवेत. हे त्यांनी इतकं मन लावून केलं की इंजिन बसवायच्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या आणि मंडळातल्या लोकांना जेवायला बोलावलं आणि जाहीर केलं की आज लग्न आहे.

गॅरेजला झेंडूचं तोरण. क्रेनच्या साखळीला इंजिन टांगलेलं, त्याला कुंकवाचा टिळा, वर मुंडावळ्या. समोर गाडी, बॉनेट काढलेलं, नाकावर हिरवी खणाची साडी पांघरलेली. मधे अंतरपाट म्हणून काकूंची चादर, एक टोक माझ्या हातात, एक रेवाच्या. रँडीही आला होता, नव्या टोपीत. त्याला काकांनी मुलाकडचा म्हणून पलीकडे उभा केला.

आता इंजिनावर कार्बुरेटर अजून बसवायचा होता, त्यामुळे वर त्याच्या जागी चांगलं हाताएवढं भोक उघडं होतं. काका त्यात एरवी स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबून ठेवत, आत केरकचरा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी फोटो काढताना ते फडकं त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं. मी म्हटलं, "काका, राहू दे की." तर म्हणाले, "नवऱ्या मुलाच्या तोंडात बोळा? शोभतो का?"

निखिलने खणखणीत आवाजात "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि मी नि रेवाने चादर खाली सोडली.

आपल्या लग्नातल्या अक्षता कधीही वधूवरांपर्यंत पोचत नाहीत, हा माझा आजवरचा अनुभव. त्या पुढच्या रांगेतल्या बायकांच्या केसांत जातात, कुणाच्या कॉलरमध्ये जातात. त्या दिवशी मात्र सगळे अगदी जवळ उभे होते आणि प्रत्येकाचा नेम लागला. रँडीला कोणीतरी ओंजळभर तांदूळ दिले होते. त्याचा हात तो केवढा, त्याची ओंजळ ती केवढी. त्याने ती थेट भोकात रिकामी केली, आपण काहीतरी पवित्र काम केलं अशा चेहऱ्याने.

टाळ्या वाजल्या. मग हळूहळू थांबल्या. तांदूळ पत्र्यावरून घरंगळत आत खोल जातानाचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बाप्पा रे," काका म्हणाले. "काहून टाकले?"

"तुम्हीच लग्न म्हणालात," काकू म्हणाल्या.

सावधान म्हणून झालं होतं, सावध कोणीच नव्हतं. काकूंनी घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला, त्याच्या नळीने वरवरचे दाणे निघाले. पण आत, झडपांच्या उघड्या फटीतून जे सिलिंडरपर्यंत पोचले त्यांचं काय? एक दाणा झडपेत अडकला तर ती नीट मिटत नाही आणि इंजिन बिघडतं, असं रेवा म्हणाली. पाहुणे जिलेबी खाऊन पटापट निघाले. प्रत्येक जण जाताना "होईल हो सगळं ठीक" असं इंजिनाकडे न बघता म्हणत होता. रँडी तेवढा थांबला. तो इतका खजील झाला होता की काकूंना त्याचीच समजूत काढावी लागली.

पुढच्या काही दिवसांत काका आणि रेवाने इंजिन पुन्हा खोललं. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की जायची. एकदा काका एका हेडवर वाकले होते, हातात काकूंचा भुवयांचा चिमटा, दाणे वेचत होते. बराच वेळ वेचले, मग कंबर सरळ करून म्हणाले, "चला. हे साफ झालं."

झालं नव्हतं. कुंकू लावलेले लालभडक दाणे मला उभ्या जागेवरून दिसत होते, अगदी मधोमध. मी रेवाकडे पाहिलं, रेवाने माझ्याकडे पाहिलं. काकांना आमच्या गप्प बसण्यावरून कळलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि हेडवरून बोट फिरवत गेले, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तसे, आणि एकेक दाणा बोटाला लागला की उचलून बाजूला ठेवत गेले. मला तिथे उभं राहवेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि स्वयंपाकघरात रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला.

आणि एवढं झाल्यावर या माणसाने काय करावं? इंजिन उघडलंच आहे तर कॅमचा फेरविचार काढला.

कॅम म्हणजे इंजिनातला एक दांडा, त्यावर उंचवटे असतात, ते झडपा उघडतात. उंचवटे बेताचे असले की इंजिन शांत, गुणी. मोठे असले की जोर जास्त, पण उभी गाडी थरथरते आणि आवाज असा की शेजारचा माणूस काच वर करून घेतो. काकांनी आधी मधला घेतला होता. आता बेताचा घ्यावा का मोठा, यावर पुन्हा फोनवरची घरघर सुरू. गुणांची जुळणी म्हणाल तर दोन्हींशी होईल, हेही त्यांनी काढून ठेवलेलं.

रविवारची दुपार होती. काका मला दोन्ही आवाज ऐकवत होते, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मला ऐकवा."

"तुला?"

"मला. पोस्टमनला ऐकवलंत, मुंग्या मारणाऱ्याला ऐकवलंत, त्या रँडीला ऐकवलंत. मला कधी विचारलंत?"

काकांनी फोन एप्रनला पुसून काकूंपुढे धरला.

"आणि चालवणार कोण आहे?" काकू म्हणाल्या.

हा प्रश्न त्या गॅरेजमध्ये आजवर कोणी मोठ्याने विचारला नव्हता. काका टेबलाची कड चाचपत राहिले.

"रेवा चालवेल," ते म्हणाले.

"रेवा सुट्टी मिळेल तेव्हा येते. मी रोज आहे. मी चालवणार."

"अगं, त्याला क्लच आहे. हातातले गिअर आहेत."

"माहीत आहे. आमच्या बाबांना चंद्रपूरला जंगलखात्याची जीप होती. मी कॉलेजात असताना चालवायची. चिखलातून काढायची, रिव्हर्ससुद्धा घ्यायची."

"हे मला कधी बोलली नाहीस तू."

"तुम्ही बघायला आलात तेव्हा तुमच्या आईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का. आत्यांनी विचारलं, भरतकाम येतं का. तुम्ही विचारलंत, वाचनाची आवड आहे का. जीप येते का असं कोणी विचारलंच नाही."

मी चहाचा कप तोंडाला लावून बसले होते. मला हसू आवरेना आणि हलताही येईना.

काकूंनी दोन्ही आवाज ऐकले. डोळे मिटून, नीट ऐकले. काका घाईघाईने सांगायला लागले, "हा पहिला शांत आहे. तुला सोपा जाईल. मला वाटतं तुझ्यासाठी हाच..."

"दुसरा," काकू म्हणाल्या.

"अगं तो दांडगा आहे फार. सिग्नलला सगळी गाडी हलते."

"हलू दे. अहो, तुम्हाला पुढचं दिसायचं नाही. निदान ऐकू तरी दणक्यात येऊ दे. शांत इंजिनात शेजारी बसून तुम्ही करणार काय? माझं तोंड तर दिसणार नाही, मागचा फ्रीज थोडाच आहे गाडीत."

काकांनी चष्मा काढला आणि एप्रनला पुसला. एप्रनला ग्रीस होतं, चष्मा आणखी बरबटला. तो तसाच डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "दुसरा, तर दुसरा." चहात त्या दिवशी साखर जास्तच होती.

दांडगा कॅम बसला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या वाजल्या आणि शेजारच्या तीन गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलायला लागले. पहिली फेरी काकांनीच मारली. सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. रेवा शेजारी बसली होती. परत आले, किल्ली काढली आणि ती काकूंच्या हातात दिली. मग बरेच दिवस त्या गल्लीत संध्याकाळी काकूंची शिकवणी चाले. गाडी आचके देऊन बंद पडे, आतून काकांचा आवाज येई, "क्लच, शालू, क्लच," आणि मग काकूंचा, "मला चंद्रपूर आठवू द्या जरा."

पुढे निखिलला पार दुसऱ्या राज्यात, बॉथेलला, नोकरी मिळाली आणि आम्ही अर्विंग सोडलं. निरोप आदल्या दिवशी घेऊन झाला होता, डबे देऊन झाले होते, डोळे पुसून झाले होते. सामानाचा ट्रक पुढे गेला आणि आम्ही आमच्या गाडीतून निघालो, तर मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला, पलीकडच्या लेनमध्ये, थोडी पुढे, ती उभी. उभी कसली, थरथरत होती. तिच्यामागच्या एसयूव्हीतल्या माणसाने खरोखरच काच वर करून घेतली.

काकू स्टिअरिंगला अगदी चिकटून, पाठीमागे उशी घेऊन बसल्या होत्या. काका शेजारी. आता त्यांना सिग्नल दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. ते सीटला मान टेकून, डोळे मिटून बसले होते, आणि एक हात खिडकीबाहेर सोडला होता. काकू त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी कानाला हात लावला. काकूंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग दोघंही हसायला लागले, काकू तर स्टिअरिंगवर कपाळ टेकून.

मी निखिलला म्हटलं, हॉर्न दे. त्याने दिला, चांगला लांब दिला. त्या इंजिनापुढे कोणाचं काय ऐकू जाणार. सिग्नल हिरवा झाला. काकूंनी गाडी सोडली, आणि दुसरा गिअर अलगद, एक आचका न देता पडला, तसा काकांचा खिडकीबाहेरचा हात वर गेला आणि गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखी त्यांनी दाद दिली.